चुकीच्या बातमीचेही पैसे मिळतात

११ नोव्हेंबर २०२५ च्या सकाळी देशातल्या अनेक वाहिन्यांनी आणि संकेतस्थळांनी अभिनेते धर्मेंद्र यांचे निधन झाल्याची बातमी दिली. धर्मेंद्र तेव्हा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात उपचार घेत होते. मुलगी ईशा देओल आणि पत्नी हेमामालिनी यांना समाजमाध्यमांवर येऊन ते हयात असल्याचे सांगावे लागले. हा प्रकार अक्षम्य आहे, असे हेमामालिनी यांनी माध्यमांना सुनावलेही. तोवर दिल्लीतल्या मंत्र्यांपर्यंत मंडळींची श्रद्धांजली वाहून झाली होती, ती गुपचूप पुसावी लागली. दुसऱ्या दिवशी धर्मेंद्र घरी परतले आणि २४ नोव्हेंबरला त्यांचे निधन झाले. जिवंत माणसाला मारणाऱ्या माध्यमांवर त्या वेळी सडकून टीका झाली. घाई, स्पर्धा, असंवेदनशीलता हे सगळे शब्द वापरून झाले. या प्रकरणाच्या जमाखर्चाविषयी मात्र फारसे कुणी बोलले नाही. खोट्या बातमीवर लोक तुटून पडले, त्या भेटींचे जाहिरातीचे पैसे जमा झाले. मग ‘कुटुंबीय संतापले’ ही बातमी आली, तिचेही जमा झाले. ‘निधनाची अफवा नेमकी पसरली कशी?’ अशी तिसरी बातमी, तिचेही. आणि तेरा दिवसांनी खरी बातमी आली तेव्हा पुन्हा जमाच. खर्चाच्या बाजूला लिहिण्यासारखे काही घडलेच नाही.

पत्रकारितेचा दर्जा का घसरला, या प्रश्नाची बहुतेक उत्तरे माणसांच्या स्वभावात शोधली जातात. पत्रकार उथळ झाले, मालक लोभी झाले, वाचकांची अभिरुची बिघडली. यातले थोडेथोडे सगळेच खरे असेल. पण लोभी मालक आणि उथळ पत्रकार पूर्वीही होतेच. बदलली आहे ती विक्रीची पद्धत. छापील वर्तमानपत्र अंकाच्या रूपाने विकले जाई. सकाळी दारात पडणाऱ्या अंकात राशिभविष्य असे, क्रिकेट असे, सिनेमाचे पान असे आणि जिल्हा परिषदेच्या सभेचा रटाळ वाटणारा वृत्तांतही असे. भविष्यासाठी अंक घेणाऱ्याच्या पैशातून जिल्हा परिषदेत बसणाऱ्या वार्ताहराचे मानधन निघे आणि कुणाला त्याचा वेगळा हिशेब मांडता येत नसे. आता अंक उरला नाही. प्रत्येक बातमी सुटी विकली जाते, तिच्या पेज व्ह्यूंचा आकडा डेस्कवरच्या पडद्यावर दर मिनिटाला दिसतो आणि हजार भेटींमागे मिळणारा जाहिरातीचा दर ठरवणाऱ्या यंत्राला ती बातमी खरी की खोटी, महिनाभर खपून आणलेली की दहा मिनिटांत दुसरीकडून उचललेली, याच्याशी काही देणेघेणे नसते. अशा बाजारात महाग माल तयार करणारा मूर्खात निघतो. बातमीच्या धंद्यात महाग माल म्हणजे पडताळलेली बातमी.

याचे मराठीतले उदाहरण पाहायला फार लांब जायला नको. राज्य सरकारने जून २०२४ मध्ये ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर केली. २१ ते ६५ वयोगटातल्या, वार्षिक अडीच लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या महिलांना दरमहा दीड हजार रुपये, अशी ही योजना. लाभार्थींची संख्या दोन कोटींच्या पुढे गेली. म्हणजे दर महिन्याला कोट्यवधी बायका मोबाइलवर एकच प्रश्न विचारणार, ‘हप्ता कधी जमा होणार?’ संकेतस्थळांना याहून मोठी पर्वणी ती कुठली? ‘लाडक्या बहिणींसाठी मोठी बातमी’, ‘‘या’ तारखेला खात्यात पैसे येणार’, ‘‘या’ महिलांचा हप्ता बंद. यादीत तुमचे नाव आहे का?’ असे मथळे तेव्हापासून रोज पडताहेत. यातली कुठलीही एक बातमी उघडा. पहिल्या परिच्छेदात योजना कधी सुरू झाली ते, दुसऱ्यात ती किती लोकप्रिय आहे ते, मध्ये ‘हेही वाचा’ची पट्टी, मग निकषांची उजळणी. तारीख शोधत शेवटापर्यंत खाली आल्यावर कळते की अद्याप अधिकृत घोषणा झालेली नाही. जी बाई रोजंदारी बुडवून बँकेत जायचे की नाही, हे ठरवण्यासाठी ती बातमी वाचते आहे, तिला ‘माहिती नाही’ हे दोन शब्द सहाशे शब्दांत गुंडाळून दिले जातात. मथळ्यातला तो अवतरणचिन्हांतला ‘या’ मुद्दाम तिथे बसवलेला असतो. बातमीतला जो तपशील पूर्वी मथळ्यात सगळ्यांत आधी येई, तोच झाकून ठेवायचा आणि झाकले आहे हे दिसेल एवढे उघडे ठेवायचे, हे आता डेस्कवरचे रीतसर कौशल्य आहे.

याच योजनेत बातम्या नव्हत्या असे नाही. जुलै २०२५ मध्ये महिला व बालविकास मंत्र्यांनीच सुमारे २६ लाख ३४ हजार लाभार्थी अपात्र असल्याचे आढळल्याची माहिती दिली. चौदा हजारांवर पुरुषांनीही लाभ घेतल्याचे समोर आले. त्याआधी मे महिन्यात आपल्या खात्याचा निधी या योजनेकडे वळवल्याबद्दल सामाजिक न्याय मंत्र्यांनी उघड नाराजी व्यक्त केली होती. या बातम्या आल्या, वर्तमानपत्रांनी ठळकपणे छापल्याही, हे मान्य करायला हवे. पण पुढे काय? अर्ज कुणी तपासले, ऐन निवडणुकीच्या तोंडावर तपासणीची कोणती पायरी गाळली गेली, वळवलेल्या निधीतून कोणत्या वसतिगृहाचे किंवा आश्रमशाळेचे काम अडले, याचा माग काढायला जिल्ह्या-जिल्ह्यात माणसे पाठवावी लागतात, माहिती अधिकारात अर्ज टाकून थांबावे लागते. त्यातून येणारी बातमी एकदाच छापायची आणि तिला मिळणार पाचपन्नास हजार भेटी. तेवढ्याच भेटी ‘या’ तारखेची बातमी दुपारच्या जेवणाआधी आणते, तीही कुणी खुर्चीवरून न उठता. संपादकाने कोणती निवडावी? पहिली निवडणारे संपादक आजही आहेत. पण दर महिन्याच्या आढावा बैठकीत त्यांना आपल्या निवडीचे समर्थन करावे लागते, दुसऱ्या प्रकारच्या बातमीला कुणी जाब विचारत नाही.

मला वाटते, या घसरणीत सगळ्यांत आधी मेला तो पाठपुरावा. महाराष्ट्राला त्याची किंमत वेगळी सांगायला नको. ३१ ऑगस्ट १९८१ रोजी ‘इंडियन एक्सप्रेस’मध्ये अरुण शौरी यांनी मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्या प्रतिष्ठानांना मिळालेल्या देणग्या आणि बांधकाम व्यावसायिकांना मिळालेला सिमेंटचा वाढीव कोटा यांचा संबंध कागदपत्रांनिशी मांडला. सिमेंट तेव्हा परवान्यावर मिळे, त्यामुळे कुणाला किती पोती मिळाली आणि त्याने कुणाला केवढ्याचा धनादेश दिला, हे जुळवून दाखवणे म्हणजेच बातमी होती. प्रकरण एका दिवसात संपले नाही. विधिमंडळ, संसद, न्यायालय अशा वाटेने ते महिनोन्‌महिने चालले आणि जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी विरोधात निकाल दिल्यावर अंतुले यांना पायउतार व्हावे लागले. त्या चार-साडेचार महिन्यांत सिमेंटच्या कोट्याचे आकडे वाचून कंटाळलेले वाचक असणारच. पण त्यांचा कंटाळा मोजण्याचे यंत्र कुणाच्या टेबलावर नव्हते, म्हणून प्रकरण तडीस गेले. आज तिसऱ्याच दिवशी आलेख खाली आला असता आणि चौथ्या दिवशी त्या वार्ताहराला दुसऱ्या कामाला लावले गेले असते.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो तो असा की, सनसनाटीपणा काही आजचा नाही. बरोबर आहे. न्यूयॉर्कच्या ‘सन’ या एका सेंटला विकल्या जाणाऱ्या पत्राने १८३५ च्या ऑगस्टमध्ये चंद्रावर वटवाघळासारखे पंख असलेली माणसे दिसल्याची लेखमाला छापली होती, आणि सर जॉन हर्शेल यांच्यासारख्या नामांकित खगोलशास्त्रज्ञाच्या नावावर ती खपवली होती. आपल्याकडचा इतिहासही फार सोवळा नाही. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत तत्कालीन मुख्यमंत्र्यांची स्तुती करणारे शब्दशः सारखे लेख छापून आल्याचे पत्रकार पी. साईनाथ यांनी दाखवून दिले होते. पैसे घेऊन बातमी छापण्यासाठीचा ‘पॅकेज’ हा शब्द त्या निवडणुकीने घरोघरी नेला. प्रेस कौन्सिलने नेमलेल्या दोन सदस्यांच्या उपसमितीने नावांनिशी अहवाल दिला, तेव्हा कौन्सिलने आधी त्याची कात्री लावलेली आवृत्तीच पुढे केली. पूर्ण अहवाल बाहेर यायला माहिती अधिकाराची लढाई लागली. यातले काहीही क्लिकमुळे झालेले नव्हते. तेव्हा एकेकाळी सगळे कसे सोन्यासारखे होते, असे म्हणण्यात अर्थ नाही.

पण जुना सनसनाटीपणा आणि आजचा यांत एक फरक आहे. जोसेफ पुलित्झर यांचे ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ हे भडक पत्र म्हणूनच ओळखले जाई. त्याच पत्रासाठी १८८७ मध्ये नेली ब्लाय या तरुण बातमीदार स्त्रीने वेडी असल्याचे सोंग करून ब्लॅकवेल बेटावरच्या स्त्रियांच्या मनोरुग्णालयात दहा दिवस काढले आणि तिथल्या हालअपेष्टा जगासमोर आणल्या. मथळे भडक, हेतू खप वाढवण्याचा, सगळे कबूल. तरी त्यासाठी कुणाला तरी त्या भिंतींच्या आत जावे लागले. भडकपणासाठीही माल बाहेरून आणावा लागे. क्लिकसाठी कुणालाच कुठे जावे लागत नाही. एखाद्या अभिनेत्रीच्या इन्स्टाग्रामवरचा फोटो, त्याखालच्या चार प्रतिक्रिया, ‘नेटकरी संतापले’ असा मथळा, झाली बातमी. ते चार नेटकरी कोण, खरे की बनावट खात्यांचे, हेही पाहायचे नाही. आता तर हा मजकूर लिहायलाही माणूस लागेनासा झाला आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. लोकांना हेच हवे आहे. लोक क्लिक करतात म्हणून ते दिले जाते. तुम्हाला वाचकांपेक्षा जास्त कळते काय? लोकशाहीत या प्रश्नाला सहज उडवून लावता येत नाही. पण क्लिक मोजते काय, ते पाहा. ती वाचण्यापूर्वीची उत्सुकता मोजते. वाचून झाल्यावरची फसगत मोजत नाही. हप्त्याची तारीख शोधणारी बाई रिकाम्या हाताने परतली, तरी आलेखावर तिची नोंद समाधानी गिऱ्हाईक म्हणूनच होते, आणि उद्या ती पुन्हा येणारच, कारण तारीख तिला अजूनही हवी आहे. याला मागणी म्हणणे म्हणजे नळाला पाणी नाही म्हणून लोक दहादा नळ उघडून पाहतात, त्यावरून त्यांना नळ उघडण्याची आवड आहे असे म्हणण्यासारखे आहे. शिवाय पर्याय समोर ठेवल्याशिवाय आवड कळत नाही. २०२० च्या उन्हाळ्यानंतर हिंदी-इंग्रजी वाहिन्यांनी अभिनेते सुशांतसिंह राजपूत यांच्या मृत्यूवर महिनोन्‌महिने जे चालवले, तेही प्रेक्षकांच्या मागणीच्या नावाखालीच. त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस देशाचे सकल उत्पादन तिमाहीत २३.९ टक्क्यांनी घसरल्याचे आकडे आले होते आणि सप्टेंबरच्या मध्यावर करोनाचे रोज नव्वद हजारांवर नवे रुग्ण सापडत होते. या विषयांना प्रेक्षक मिळाला नसता, हे कुणी आणि कधी आजमावले? पुढे १८ जानेवारी २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने दोन वाहिन्यांचे वार्तांकन प्रथमदर्शनी न्यायप्रक्रियेचा अवमान करणारे असल्याचे म्हटले, पण कारवाई केली नाही. तोवर मिळायचे ते टीआरपी मिळून गेले होते.

तिसऱ्या आक्षेपाशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे. ज्याला आपण दर्जेदार पत्रकारिता म्हणून आळवतो, ती मूठभर उच्चवर्णीय, शहरी माणसांची होती; महाजालाने ती मक्तेदारी मोडली आणि आता गावातला मुलगाही मोबाइलवरून आपल्या वस्तीतला अन्याय दाखवू शकतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढावे लागले, कारण तेव्हाच्या पत्रांत अस्पृश्यांच्या प्रश्नांना जागा नव्हती. ‘मूकनायक’ची पैसे देऊन दिलेली जाहिरातसुद्धा ‘केसरी’ने नाकारली होती, हे बाबासाहेबांनीच पुढे नमूद करून ठेवले आहे. तेव्हा जुन्या संपादकांच्या निवडीला डोळे मिटून दर्जा म्हणणे हा इतिहासाचा विपर्यास ठरेल. पण त्याच ‘मूकनायक’च्या कथेत दुसरीही बाजू आहे. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले तेव्हा ते पत्र उभे राहिले, आणि वर्गणीदारांचे पाठबळ पुरेसे न मिळाल्याने तीन-चार वर्षांत बंद पडले. आवाज मिळण्याची अडचण महाजालाने सोडवली, तो टिकवण्याची नाही. गावातल्या त्या मुलाचे यूट्यूब चॅनेल आज कुणाच्या वर्गणीवर चालत नाही. ते चालते अमेरिकेतल्या कंपनीच्या अल्गोरिदमवर, आणि तो अल्गोरिदम त्याला महिन्याभरात शिकवतो की वस्तीतल्या पाण्यापेक्षा सरपंचांच्या भांडणाचा व्हिडिओ चालतो. बाबासाहेबांना संपादकांचा पूर्वग्रह दिसत तरी होता, त्याच्याशी भांडता येत होते.

उरला व्यवहारी माणसांचा आक्षेप. सवंग मजकुरातून कमवा आणि त्या पैशात गंभीर पत्रकारिता करा, वर मी सांगितलेल्या अंकाच्या जुन्या हिशेबासारखेच. हा प्रयोग जगाने नीट करून पाहिला आहे. ‘बझफीड’ने कोडी आणि याद्यांच्या कमाईवर ‘बझफीड न्यूज’ हा वृत्तविभाग उभारला, चांगले पत्रकार नेमले, चीनच्या शिनजियांगमधल्या बंदीछावण्यांच्या शोधासाठी २०२१ चे पुलित्झर मिळवले. एप्रिल २०२३ मध्ये तो विभाग बंद करण्यात आला. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने कुटुंबीय आणि मित्रांच्या नोंदींना प्राधान्य देण्याचे जाहीर केले, तेव्हाच अशा सगळ्या संस्थांची दाणादाण सुरू झाली होती. दुसऱ्याच्या अंगणात मांडलेले दुकान मालकाने अंगण झाडायला काढले की उठतेच. भारतातल्या प्रकाशकांनाही हे कळले आहे. जाहिरातीच्या वाटणीवरून त्यांच्या संघटनेने गुगलविरुद्ध केलेल्या तक्रारीवर स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये चौकशीचे आदेश दिले. वाटणी वाढून मिळायला हवीच. पण वाढीव पैसे तालुक्याच्या बातमीदारापर्यंत पोचतील याची हमी त्या तक्रारीत कुठे नाही.

आणि बातमी तर तिथूनच येते. मराठी वृत्तपत्रसृष्टीचा पाया असलेला तालुका वार्ताहर बहुधा पगारी नोकर नसतो. त्याला नाममात्र मानधन आणि आणलेल्या जाहिरातीवर कमिशन मिळते. आमदाराच्या वाढदिवसाची पुरवणी भरायची त्यानेच आणि त्याच आमदाराच्या रस्त्याच्या कंत्राटाची बातमीही द्यायची त्यानेच. आता त्याच्यावर रोजच्या व्हिडिओंचाही भार आहे. तरीही यांतले काही जण लिहितात. राजापूरचे शशिकांत वारिशे ‘महानगरी टाइम्स’साठी कोकणातल्या प्रस्तावित तेलशुद्धीकरण प्रकल्पाभोवतीच्या जमीन व्यवहारांवर लिहीत होते. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी, त्यांची बातमी छापून आली त्याच दिवशी, त्यांच्या दुचाकीला गाडीने उडवले. दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. ज्याच्याविषयी ती बातमी होती, त्यालाच पोलिसांनी खुनाच्या आरोपाखाली अटक केली. पत्रकारांवरील हल्ल्यांविरोधात २०१७ मध्येच विधेयक मंजूर करणाऱ्या राज्यात हे घडले. त्या बातमीला किती भेटी मिळाल्या असत्या, हा प्रश्नच इथे हास्यास्पद ठरतो. रिफायनरीच्या जमिनींशी संबंधित माणसे फार तर काही हजार असतील, पण त्यांच्यासाठी त्या आठवड्यातली दुसरी कुठलीही बातमी महत्त्वाची नव्हती.

उपाय काय, तर मालकांना नीतिमत्तेचे डोस पाजून काही होणार नाही. चूक महाग आणि पडताळणी स्वस्त पडेल अशी व्यवस्था लागेल. खोटी ठरलेली बातमी चुपचाप पुसण्याऐवजी त्याच दुव्यावर, त्याच आकाराच्या मथळ्यात खुलासा ठेवण्याची आणि तिची कमाई सोडून देण्याची अट प्रकाशकांच्या संघटना आपल्या सदस्यांना घालू शकतात. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, आणि सरकारच्या हाती तसा कायदा देण्यात धोकाही आहे. पण सगळ्यांत मोठा भार वाचकावरच येतो, हे वाचकाला आवडणार नाही. आपण गेली तीस वर्षे छपाईच्या खर्चापेक्षा कमी किमतीत वर्तमानपत्र घेत आलो, रद्दीत त्यातलेही थोडे वसूल केले, आणि आता मोबाइलवर ते फुकट मिळावे अशी आपली अपेक्षा आहे. बाकीचे पैसे जाहिरातदाराने दिले, तेव्हा अंक त्याच्यासाठी निघू लागला, यात नवल काय? तेव्हा आपल्या जिल्ह्यातले जे दैनिक, साप्ताहिक किंवा संकेतस्थळ अजूनही माणूस पाठवून बातमी आणते, त्याची वर्षाची वर्गणी भरा. आणि पुढच्या वेळी खोटी बातमी वाचलीत, तर ती गटावर पुढे पाठवून चिडण्यापेक्षा संपादकांना दोन ओळी लिहून विचारा की तिचा खुलासा कुठे छापला आहे.